वाळत घातलेले सेल

फेब्रुवारी उजाडला की गंगापूर रोडला द्राक्षांच्या हातगाड्या लागतात आणि माझ्या कानात खरखर सुरू होते. कानाच्या डॉक्टरांना दाखवून झालं. ते म्हणाले, कान स्वच्छ आहे. कान स्वच्छच आहे, पण आत एक टेप बसलाय आणि त्याचे सेल उतरलेत, हे त्या भल्या माणसाला कसं सांगणार? मी गाडीवाल्याकडून अर्धा किलो सोनाका घेतो, तिथंच उभ्यानं एक मणी तोंडात टाकतो आणि मणी फुटला की आतून वर येतं ते गिटार. जाड, रेंगाळणारं, गुडघ्यात पाणी झालेलं गिटार.

माझी मुलगी फोनवर गाणी ऐकते. ऐकते म्हणजे हाकलते. चार ओळी ऐकल्या की पुढचं, नाही आवडलं की त्याच्या पुढचं. तिचा अंगठा गाडीच्या वायपरसारखा चालतो. परवा तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही असे पूर्ण अल्बम किती ऐकलेत?" म्हटलं, चार. ती हसली. हसू दे. मी चारच ऐकले, पण असे ऐकले की विद्यापीठानं घरी येऊन पीएचडी द्यायला हवी होती. मी बारावीलाच दोनदा बसल्यामुळे ते प्रकरण जरा लांबलं.

फिजिक्समध्ये मला इतके कमी मार्क पडले होते की पेपर तपासणाऱ्यानं शेजाऱ्याकडून बेरीज पुन्हा करून घेतली असणार. वडील म्हणाले, हा नाशकात राहिला तर कॉलेज रोडच्या कट्ट्यावरच ह्याचं पिंपळाचं झाड होईल. माझी रवानगी विंचूरच्या अलीकडे मळ्यात, आत्याकडे झाली. परीक्षेपर्यंत मुक्काम. तिथं द्राक्षं आणि पुस्तक, तिसरं काही नाही. रेडिओ-टेप बरोबर न्यायला परवानगी मिळाली, कारण त्यावर बातम्या लागतात आणि बातम्यांनी मुलगा गंभीर होतो, अशी वडिलांची समजूत. मात्र टेपची वायर त्यांनी काढून स्वतःच्या कपाटात ठेवली. सेलवर ऐक म्हणाले. सेल दिले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी मी मेनरोडच्या एका बोळात गेलो. तिथं एक दुकानदार कोऱ्या कॅसेटींवर इंग्रजी अल्बम भरून द्यायचा. मी विचारलं, नवीन काय आहे? त्यानं काउंटरखालून चार कॅसेटी काढल्या आणि म्हणाला, "हे घेऊन जा. ह्यात कोणी हसत नाही." अल्टरनेटिव्ह रॉकची इतकी नेमकी व्याख्या मी पुढं कुठंही वाचली नाही. वर झेरॉक्सची कव्हरं होती, त्यातली नावं शाईत बुडून गेलेली. तेव्हा मीच बारसं केलं. एकावर शेतात ठेवलेली रिकामी खुर्ची होती, तो खुर्ची. एकावर गळका नळ, तो नळ. एकावर पाठमोरा कुत्रा. चौथ्याच्या वेळी झेरॉक्सवाल्याची शाई संपलेली असावी, तो पांढरा.

मळ्यातलं घर दोन मजली, आणि वरच्या माडीवर माझी खोली. कडी बाहेरून. खिडकीला गज, गजांपलीकडे द्राक्षबाग, बागेवर मांडवाच्या तारा, तारांवर वेली, आणि ह्या सगळ्या चौकटींमधून दिसणारं आभाळ कोणीतरी तुकडे करून विकायला ठेवल्यासारखं. थंडी अशी की सकाळी तांब्या उलटा केला तर पाणी आधी विचार करायचं आणि मग खाली यायचं. पाखरांनी घडांवर बसू नये म्हणून बागेवर जुन्या कॅसेटींच्या फिती ताणून बांधलेल्या असत. वारा आला की त्या चमकायच्या, भुणभुणायच्या. त्यांत भजनं होती, लग्नातली गाणी होती, कुठल्याशा पुढाऱ्याचं भाषण होतं. भाषणाच्या फितीला पाखरू सगळ्यात जास्त भितं, असा नानांचा अनुभव.

नाना म्हणजे आत्याचे यजमान. दारातून वाकून येणारा देह, गळ्यात तुळशीची माळ, आणि ते बागेत शिंकले तर घड एक दिवस आधी पिकायचे. माझ्या कोठडीची कडी मात्र त्यांच्या मुलीच्या ताब्यात होती. नंदाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, निफाडच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. चहा घेऊन यायची, कडी काढायची, माझ्याकडून प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम वदवून घ्यायची, आणि जाताना कडी लावायची. लावताना म्हणायची, "बाहेर काही नाहीये रे सुन्या. मी बाहेरच असते ना, मला माहितीये."

आता सेल. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज पाहुण्यासारखी यायची, तीही भलत्या वेळी, आणि नाना पंपाकडे धावायचे. अंधारात फिरायला त्यांच्याकडे चार सेलची लांबलचक बॅटरी होती. तिचा उजेड पिवळा पडला की ते सेल टाकून द्यायचे आणि नंदाताई ते उचलून मला आणून द्यायची. म्हणजे माझ्या टेपाला मिळायचे ते पेन्शनीत निघालेले सेल. ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे. शेजारी आत्याच्या शेवया वाळत, इकडे माझे सेल. ऊन लागलं की त्यांच्यात थोडा जीव येतो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या पुस्तकात नसेल.

आणि इथंच माझं संगीताचं शिक्षण झालं. दुपारी तापलेले सेल घातले की नळवाला गायक तरणाताठा असायचा. अर्धी बाजू होईतो त्याचं लग्न, पोरंबाळं, पन्नाशी उलटलेली. बाजू संपताना त्याला दोघांनी धरून उठवावं लागेल असा तो गायचा. एकाच गाण्यात माणूस म्हातारा होताना मी ऐकलाय. कुत्र्याच्या अल्बममध्ये जो आरडाओरडा करणारा बाप्या होता, तो आमच्याकडे घोरायचा. ढोल असे पडायचे की दोन ठोक्यांच्या मध्ये मी एक गणित सोडवून घ्यायचो. चुकीचं, पण सोडवायचो.

नंदाताईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चहाची कपबशी हातात घेऊन दारातच थांबली.

"ह्याला काय झालंय?"

"कुणाला?"

"गाणाऱ्याला. दाढ दुखतीये का?"

"ताई, तो दुःखी आहे."

"मग लवंग धर म्हणावं." पण ती गेली नाही. कपबशी खाली ठेवून उंबऱ्यावर बसली, बाजू संपेपर्यंत.

ह्या अल्बमांबद्दल माझी काही मतं आहेत. कोणी विचारलेली नाहीत, तरी सांगतो. पहिलं असं की अल्बम ही बाहेरून कडी लावलेली खोली असते. मधलं गाणं आवडलं नाही म्हणून मला पळवता यायचं नाही. पळवायला सेल लागतात. पेन्सिल भोकात घालून कॅसेट हातानं फिरवावी, तर बोटं वाकडी व्हायची. म्हणून नळमधलं ते रडकं तिसरं गाणं मी इतक्या वेळा सोसलं की शेवटी तेच माझं झालं. त्याच्या मधोमध कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आहे, मग एक दबलेला खोकला, आणि मग गिटार असं येतं की वाटावं, घरातला कर्ता माणूस बऱ्याच वेळानं एकदाचा बोलला. ज्यानं हे गाणं हाकललं, त्याला नळ समजला नाही.

दुसरं मत: हे संगीत कोंडलेल्या माणसांनी कोंडलेल्या माणसांसाठी केलेलं आहे. ज्याला बाहेर जाता येतं तो नाचाची गाणी ऐकतो. ही पोरं असणार कुठल्यातरी कारखान्याच्या गावातली, बाहेर पावसाची पिरपिर, बापाची गाडी उभी करायच्या जागेत दार लावून बसलेली. त्यांचं गाव मी पाहिलं नाही; पण त्यांच्या बापाचा आवाज मला खालच्या ओसरीवरून रोज ऐकू यायचा.

माडीची जमीन फळ्यांची होती. फटींतून उजेड वर यायचा, फोडणीचा ठसका यायचा, आणि बोलणं तर अख्खंच्या अख्खं. एका सकाळी नंदाताई म्हणाली, "नाना, आमच्या सरांनी वाइन पार्कात माझं नाव सांगितलंय. प्रयोगशाळेत काम आहे. द्राक्षांचा हंगाम सुरू झालाय, लगेच ये म्हणतात. नाही गेले तर दुसरीला घेतील."

"दारूच्या कारखान्यात?"

"वाइन असते ती."

"इंग्लिशमधी म्हटलं म्हंजी दूध होतंय का तिचं? गळ्यात माळ हाय माझ्या. मी भजनात उभा ऱ्हायचं आन् पोरगी तिकडं दारू गाळायला?"

"गाळायची नाही, तपासायची."

"पिऊन?"

मग आत्या मध्ये पडली. "त्यापरीस येवल्याचं स्थळ बघा म्हणते मी. पैठण्यांचं दुकान हाय. गादीवर बसायचं, गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवायच्या. लय सुखाचं काम."

"आणि घड्या कोण घालणार?" नंदाताईनं विचारलं. पोळपाटाचा आवाज तेवढा येत राहिला.

त्या दुपारी ती वर आली, कडी आतून लावली आणि म्हणाली, "तो खुर्चीवाला लाव."

खुर्ची हा त्या चौघांतला सगळ्यात भारी अल्बम, असं माझं मत होतं, आहे, राहील. पण तेव्हा ते वेगळ्या कारणासाठी होतं. त्यातलं शेवटचं लांब गाणं आमच्या सेलांवर असं वाजायचं की विहिरीच्या तळाशी बसून कोणी स्वतःशी बोलतंय. शब्द मला कळत नव्हते. माझं इंग्रजी फिजिक्सहून बरं होतं, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. फक्त पुन्हा पुन्हा येणारा एक 'नो' ऐकू यायचा, लांबलचक, सुस्काऱ्यासारखा. मी नंदाताईला त्याचा अर्थ समजावून सांगितला. सांगायला काय जातं? म्हटलं, ताई, हा माणूस सगळं बघून चुकलाय. आता तो कशालाच हात लावत नाही. भिंतीशी भांडून भिंत दुखावत नसते, आपलंच डोकं दुखतं, असं तो म्हणतोय. फार मोठा माणूस आहे.

ती गजांना टेकून ऐकत होती. खाली बायका बागेत घड तपासत फिरत होत्या, त्यांची डोकी वेलींखालून दिसत नव्हती, नुसते रंगीत पदर सरकताना दिसायचे. "खरंय त्याचं," ती म्हणाली. "येवल्यालाही माणसंच राहतात."

पुढं रोज ती खुर्चीच लावायला सांगायची. सेल आणखी उतरले, गाणं आणखी खोल गेलं. आम्ही दोघं त्या गाण्यात असे बसायचो की वर झाकण लावायचं तेवढं बाकी. थट्टा सोडून सांगतो, त्या दिवसांत मला खोलीबाहेर जायची इच्छासुद्धा होईनाशी झाली होती. नंदाताई तर खाली आत्याजवळ बसून येवल्याच्या दुकानाला किती गाळे आहेत ते ऐकून घ्यायला लागली होती.

मग एके दिवशी ती मशीनची सुई आणायला विंचूरला गेली. उन्हं उतरायच्या आत परत आली, थेट माडीवर. पदरातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. आत चार सेल. नवे. इतके नवे की हात लावताना मला परक्याच्या वस्तूला लावल्यासारखं वाटलं.

"कुठं गेली होतीस?"

"सुई आणायला."

"सुई कुठाय?"

"विसरले. लाव."

मी सेल घातले, खुर्ची लावली, बटण दाबलं, आणि टेपातून एक अनोळखी माणूस बाहेर पडला.

हे गाणं आमचं नव्हतंच. ते धावत होतं. ढोल दार फोडायला आल्यासारखे, गिटार करवतीसारखं, आणि आमचा तो विहिरीच्या तळाशी बसलेला साधुपुरुष म्हणजे पंचवीस वर्षांचा संतापलेला पोरगा निघाला. तोच 'नो'. पण हा सुस्कारा नव्हता. हा पाय आपटून, समोरच्याच्या डोळ्यात बघून म्हटलेला होता, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर. फळ्या हादरल्या. पत्र्यावरची चिमणी उडाली, ती अजून नाशिक जिल्ह्यात परतलेली नाही.

नंदाताई उभीच होती. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"हा तर भांडतोय."

"हो... वाटतंय खरं तसं."

"आणि तू मला सांगतोयस की हा सोसतोय."

"ताई, सेल उतरले होते."

"सेल उतरले होते आणि तू वर बसून तत्त्वज्ञान सांगत होतास." ती हसली, बऱ्याच दिवसांनी, तोंडावर पदर न धरता. मग दार उघडं टाकून खाली गेली.

दार उघडं होतं. मी मात्र जागचा हललो नाही. बाजू संपायची होती. लोकांना हे सांगितलं तर थाप वाटते. माझ्या बाकीच्या थापा मात्र ते सुखानं ऐकतात. ज्या दाराकडे मी बघत बसायचो, ते सताड उघडं असताना मी गाण्याच्या शेवटाची वाट बघत बसलो, कारण आता मला बसण्याचीच सवय लागली होती. फळ्यांखालून तिचा आवाज आला. "मी वाइन पार्कात हो सांगून आलेय. उद्यापासून जाणार."

खाली काय झालं ते मी सांगत नाही. नाना ओरडले, तेवढं पुरे. पलीकडच्या मळ्यातले बैल उभे राहिले म्हणतात. मग जिना करकरला आणि ते माझ्या दारात वाकून आले.

"हे ऐकवतोस व्हय पोरीला?"

मागून नंदाताई म्हणाली, "नाना, गाण्याचा काही संबंध नाही. मी गाणं ऐकायच्या आधीच हो सांगितलं होतं."

मला ते वाक्य फार लागलं. एका अल्बमनं एका मुलीचं आयुष्य बदललं, असा लेख मी तिथल्या तिथं मनात लिहायला घेतला होता. पण नानांचा माझ्या अल्बमांवर तिच्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्यांनी चारही कॅसेटी उचलल्या, खाली नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीची फीत माझ्या खिडकीसमोरच्या रांगांवर ताणून बांधली. नळ विहिरीकडच्या बाजूला. पांढरा बांधावर. कुत्रा रस्त्याच्या कडेला. तिथं मात्र पाखरू फिरकलं नाही, हे नानांनीही मान्य केलं. वारा सुटला की खुर्ची वाजायची. गाणं, ढोल, 'नो', सगळं एकाच सुरात, गजांपासून हाताच्या अंतरावर, आणि मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. असा छळ कुठल्या तुरुंगात करत असतील असं वाटत नाही.

नंदाताई कामाला जायला लागली. घर मुकं झालं. आत्या पोळ्या लाटताना नाक ओढायची. नाना मुलीशी बोलत नव्हते. तिला ताटात काय हवं ते आत्याला सांगून विचारायचे, मुलगी समोर बसलेली असताना. तिचा पेला वेगळा काढला होता. संध्याकाळी आल्यावर तिनं आधी अंघोळ करायची, मगच स्वयंपाकघरात पाय ठेवायचा. ती घराबाहेर पडली होती ती फक्त दिवसापुरती; परत यायची ते पहिल्याहून लहान खोलीत. तिच्या जागी मी असतो तर चौथ्या दिवशी येवल्याला निघून गेलो असतो.

एस.टी.ची वेळ जुळेना. ती पहाटे चालत निघायची, तेव्हा एका सकाळी नानांनी मोटारसायकल बाहेर काढली आणि चालू करून नुसते बसून राहिले. ती मागं बसली. तेव्हापासून रोज. वायनरीचं फाटक यायच्या आधी रस्त्याला एक वळण आहे. नाना तिथं थांबायचे. त्या भिंतीची सावलीसुद्धा त्यांना अंगावर नको होती. ती उतरायची आणि पुढचं चालत जायची.

हे मी पाहिलं, कारण तोवर माझी परीक्षा आली होती आणि केंद्र विंचूरला. नाना पुढं, मागं ताई, मध्ये मी आणि माझं फिजिक्स. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्रेट भरून ट्रॅक्टर उभे असायचे, हवेला द्राक्षांचा आणि डिझेलचा वास. मला पास व्हायचं होतं की नव्हतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्या दोघांच्या गप्प बसण्याच्या मध्ये चेंगरून जाताना एवढं कळत होतं की ह्या मोटारसायकलवर नापास होण्याची भीती फक्त मलाच आहे असं नाही.

एका संध्याकाळी परतताना नाना हँडलकडे बघत म्हणाले, "तिथं दिवसभर करत्यात काय?" कोणाला विचारलं ते कळेना. मी मध्ये होतो, जरा खाली वाकलो.

"साखर मोजतात," नंदाताई म्हणाली.

"कशाची?"

"द्राक्षांची. बागांमधून माल येतो. घडाचा रस काढायचा आणि साखर किती भरली ते बघायचं. मीच बघते."

नानांनी पुढचा ट्रॅक्टर मागं टाकला.

"किती भरती?"

"चोवीस."

मोटारसायकल हळू झाली. "खोटं."

"चोवीस, नाना. कधी कधी पंचवीस."

"आपली अठराच्या वर जात नाय."

"जात वेगळी आहे ती. मणी बारीक, साल जाड. खायला चांगली नाहीत."

"मग कशाला हवीत मेली." नानांनी ॲक्सिलेटर पिळला. पण त्या रात्री जेवताना त्यांनी आत्याला सोडून थेट तिला विचारलं, भाजी वाढू का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर ताई उतरली आणि चालायला लागली, तर नाना म्हणाले, "थांब." त्यांनी सदऱ्याच्या आतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आमच्याच बागेतल्या थॉमसन द्राक्षांचा एक घड होता, दवानं ओला, देठाला दोन पानं राखून तोडलेला. त्यांनी तो तिच्या हातात दिला, मुलीकडे न बघता, पलीकडच्या फाटकाकडे बघत.

"एवढा मोजून आण."

"आत सांगावं लागेल नाना, कोणाच्या बागेचा ते. सांगू नाव?"

नानांनी मोटारसायकल वळवली. मी मागं घट्ट धरून बसलो होतो, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती माळ मानेशी हललेली दिसली.

"आधी किती भरती ते बघ," ते म्हणाले. "मग नाव सांग."